पाद्रींच्या पोथ्या आणि आमचा मांड

वर्गात कोणी कोणाची नक्कल केली हे ओळखायची माझी एक पद्धत आहे, आणि पहाऱ्यावरच्या शिक्षकांपेक्षा माझा तिच्यावर जास्त विश्वास आहे. दोन मुलांची उत्तरं सारखी आणि बरोबर असली, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. दोघांनी अभ्यास केला असेल. असे चमत्कार अधूनमधून होतात. पण दोघांनीही मांडवी नदी थेट रत्नागिरीला नेऊन समुद्रात सोडली असेल, तर ती दोघं एका बाकावर बसली होती यात शंका नाही. नातं कळतं ते चुकांवरून.

हे शहाणपण मी पेडण्याहून हरमलला जाणाऱ्या बसमध्ये, मांडीवर पेपरांचा गठ्ठा घेऊन, स्वतःशीच जरा मोठ्याने बोलले. मी पेडण्याच्या मराठी शाळेत शिकवत होते आणि राहायला हरमलच्या अलीकडच्या गावात होते. त्यामुळे माझे निम्मे पेपर बसमध्येच तपासून होत, आणि खड्ड्यांच्या कृपेने काही मुलांना हक्काबाहेरचे गुण मिळत. शेजारी पांढरा झगा घातलेले एक म्हातारे पाद्री बसले होते. त्यांनी मान वळवून विचारलं, "टीचर, हें तुमकां कोणें शिकयलें?"

मी म्हटलं, पोरांनी.

ते इतके हसले की पुढच्या बाकावरची कोळीण टोपली सावरून मागे बघायला लागली. मग त्यांनी मला सांगितलं, की जी गोष्ट मला पोरांनी शिकवली ती सापडायला युरोपातल्या विद्वानांना कितीतरी पिढ्या लागल्या, आणि सापडल्यावर त्यांनी ती लॅटिनमध्ये इतकी जाड लिहून ठेवली की पुन्हा हरवली. मला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. थट्टाच करत होता, पण गोष्ट खरी होती.

हे फादर तरुणपणी रोमला शिकले होते, मग जन्मभर एका सेमिनारीत ग्रीक शिकवत होते, आणि निवृत्त झाल्यावर आमच्याच गावाच्या टोकाला, बहिणीच्या रिकाम्या घरात येऊन राहिले होते. रोमहून लोक जपमाळा आणतात, तसबिरी आणतात. यांनी ट्रंकभर फोटो आणले होते. बायबलातल्या नव्या कराराच्या ज्या सगळ्यात जुन्या ग्रीक पोथ्या जगात आहेत, त्यांच्या पानांचे काळे-करडे फोटो. या पोथ्या हाताने लिहिलेल्या, एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, आणि कोणत्याही दोन पोथ्या अक्षरशः सारख्या नाहीत. एकीत एक शब्द जास्त, दुसरीत एक ओळ कमी, तिसरीत कोणीतरी मागाहून खरवडून दुरुस्त केलेलं. फादरांनी एक शुभवर्तमान निवडलं होतं आणि छापील प्रतीशी एकेक पोथी ताडून बघायचा नेम धरला होता. रोममधल्या आपल्या गुरूला त्यांनी तसं वचन दिलं होतं. गुरू केव्हाच वारला होता. मग आता हे कोणासाठी, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, वारलेल्या माणसाला दिलेलं वचन मोडायचं कसं, परवानगी कोणाकडे मागणार?

अडचण डोळ्यांची होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकायला आला होता. भिंगाखाली धरलं तरी फोटोतली अक्षरं त्यांना मुंग्यांसारखी चालताना दिसत. वाचायला कोणीतरी हवं होतं. सेमिनारीतली दोन-तीन हुशार मुलं आणून झाली होती, पण ती ग्रीक शिकलेली. पोथीत चुकीचं लिहिलेलं असलं की ती आपणहून बरोबर वाचायची. फादरांना हवा होता असा माणूस, ज्याला एक अक्षर कळत नाही आणि जो समोर असेल तेच सांगेल.

"म्हाका तुमचें अज्ञान जाय," ते म्हणाले. मला तुमचं अज्ञान हवं आहे. इतक्या आदराने माझं अज्ञान मागणारा माणूस मला आधी भेटला नव्हता, नंतरही नाही.

तर शाळा सुटल्यावर मी त्यांच्या बाल्कांवात, म्हणजे घराच्या तोंडाशी दोन बाजूंना बसायला कट्टे असतात तिथे, जाऊन बसू लागले. त्यांच्या हातात छापील प्रत, ती त्यांना तशीही तोंडपाठ. माझ्या हातात फोटो आणि भिंग. सगळी अक्षरं मोठी, एकाला एक चिकटून, दोन शब्दांत बोटभर जागा नाही, विरामचिन्हाचा पत्ता नाही. मी पहिल्या दिवशी म्हटलं, यांना शाळेत कोणी शिकवलं होतं? फादर म्हणाले, चामड्यावर लिहायचे, आणि चामडं महाग होतं. अक्षरांची खरी नावं शिकायची मी टाळली आणि माझीच ठेवली. एक वाटोळं होतं त्याच्या पोटात आडवी काडी, त्याला मी बटण म्हणायचे. एक त्रिशूळ. एक पोळपाटावर उभं ठेवलेलं लाटणं. थोड्याच दिवसांत फादरसुद्धा "तिथे लाटणं आहे का बघा" असं विचारायला लागले. रोममधला गुरू वारला होता ते बरंच झालं.

देवाचं नाव आलं की लिहिणारा ते पुरतं लिहीत नसे. पहिलं-शेवटचं अक्षर आणि वर आडवी रेघ. मी म्हटलं, आमच्या लग्नपत्रिकेत 'चि. सौ. कां.' असतं तसंच की. फादरांनी ते मनावर घेतलं आणि नंतर कायम त्या खुणेला चिसौकां म्हणाले.

घरी याचं कौतुक होतं असं म्हणवत नाही. फादर निघताना हातात पोदेराचे, म्हणजे पाववाल्याचे, गरम उंडे द्यायचे, आणि पाद्र्याच्या घरचा पाव म्हणून सासूबाई ते लांबूनच बघून कुत्र्याला घाला म्हणायच्या. कुत्रा मात्र दिवसेंदिवस बारीक होत चालला होता आणि सासूबाईंच्या चहाच्या कपात तळाशी पावाचे कण सापडायला लागले होते. आम्ही दोघींनी त्यावर कधी चर्चा केली नाही. नवऱ्याला वेगळी धास्ती होती. राजभाषेचा वाद तेव्हा पेटलेला होता, रस्त्यांवर दगड पडून गेले होते. नवरा कट्टर मराठीवाला, फादर कोंकणीवाले. बायको मराठी शाळेची शिक्षिका असून कोंकणीवाल्याच्या घरी ग्रीक वाचते, हे तो लोकांना कसं समजावून सांगणार? मग एकदा तो मला आणायला म्हणून आला आणि फादरांशी भांडत दिवेलागणीपर्यंत बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. हळूहळू माझ्या लक्षात आलं की तो मला आणायला येतच नव्हता.

मला त्या कामाची चटक लागली. फादर नियम सांगायचे. किती पोथ्या म्हणतात ते मोजू नका, कोणती म्हणते ते बघा. एकाच चुकीच्या पोथीवरून पन्नासांनी उतरवलं असेल तर ते पन्नास साक्षीदार नव्हेत, एकच. दोन पाठांत एक सोपा आणि एक अवघड असेल तर अवघड जुना, कारण लिहिणारा न कळलेलं सोपं करतो, कळलेलं कोणी अवघड करत नाही. आणि दोन ओळींचा शेवट सारखा असेल तर लिहिणाऱ्याची नजर पहिलीवरून दुसरीवर उडी मारते आणि मधली ओळ कायमची गळते. मी हे नियम गावात लावून बघायला लागले. देवळाच्या भटजींचं आणि मास्तरांच्या बायकोचं भांडण झालं त्याच्या मला पाच हकीगती कळल्या. त्यातल्या चार एकाच घरातून निघाल्या होत्या हे मी चुकांवरून सिद्ध केलं. नवरा म्हणाला, हे सिद्ध करायला ग्रीक कशाला, त्या घरातली वहिनी पुरे आहे.

मग गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला. आनंद झाला, लाडू वाटले, आणि कोणाच्या तरी डोक्यात आलं की पणजीला कार्यक्रम करायचा आणि पेडण्याहून धालो न्यायचे.

धालो म्हणजे पौषात आमच्याकडे बायका खेळतात तो खेळ. वाड्यावाड्यावर त्याची ठरलेली जागा असते, तिला मांड म्हणतात. जेवणं आटपली की बायका मांडावर जमतात, समोरासमोर दोन रांगा करतात, एकमेकींच्या कमरेत हात घालतात आणि गात गात पुढे येतात, मागे जातात. पुरुषांनी लांब उभं राहायचं. आमच्या वाड्यावरचा मांड सासूबाई चालवत. त्या गाणं उचलणार, बाकीच्या त्यांच्यामागून म्हणणार.

पणजीला जायचं तर सगळ्या वाड्यांच्या मिळून निवडक बायका न्यायच्या ठरल्या, आणि तिथेच घोडं अडलं. एकच धालो प्रत्येक वाडा वेगळा म्हणत होता. एका वाड्यावर मोगरी फुले, दुसऱ्यावर जाई. एकीकडे देवीला आधी बोलवायचं, एकीकडे गावाच्या राखण्याला. वर मराठीवाल्यांना गाणी मराठी हवी होती, कोंकणीवाल्यांना कोंकणी. सासूबाईंना तोवर आपण कोणत्या भाषेत गातो हा प्रश्नच पडला नव्हता, आणि पडला तेव्हा त्यांनी तो झटकून टाकला. पौष नसताना धालो म्हणायचे की नाही यावरही घोळ झाला. शेवटी देवळात कौल लावला, देवीने उजवा दिला, आणि देवीची परवानगी माणसांच्या एकमतापेक्षा लवकर मिळाली.

मजकूर एक करायचा कोणी, यावर बैठकीत माझा नवरा उठून म्हणाला की आमची ही पाद्रींकडे दुसरं काय करते? हेच तर करते. आणि तो मोठ्या दिमाखात खाली बसला.

मी वाड्यावाड्यावर गेले, बायकांकडून गाणी ऐकली, प्रत्येक वाड्याला एक पोथी मानली. बहुतेक भांडणं मिटण्यासारखी होती. न मिटणारी एकच निघाली आणि ती माझ्याच घरातली. आमच्या मांडावर सासूबाई एक कडवं म्हणत ते दुसऱ्या कुठल्याच वाड्यावर नव्हतं.

"एक जागो सोडा गे गडणींनो, वाटेर आसा, ती येतली."

एक जागा सोडा, ती वाटेवर आहे, ती येईल. एवढंच. हे कडवं आलं की आमच्या बायका रांगेत खरोखर एका माणसाची जागा मोकळी ठेवत आणि पुढचं गाणं तसंच होई. का, ते कोणी विचारत नसे. मी सून म्हणून आले त्या वर्षी एकीला विचारलं होतं, ती म्हणाली, देवीसाठी, वनदेवता येऊन खेळते ना.

वयल्या, म्हणजे वरच्या, वाड्याची जी प्रमुख होती, चांगली उंच, खणखणीत आवाजाची बाई, ती बैठकीत म्हणाली की हे कडवं तुमच्या म्हातारीने मधेच घुसडलंय, ते पणजीला चालायचं नाही.  सासूबाई घरी आल्यावर भाकरी थापताना म्हणाल्या की ते कडवं नसेल तर आपण पणजीला जाणार नाही. आणि मांडही सोडून देऊ, दुसरी कोणीतरी चालवेल. मांड सोडायचा म्हणजे काय हे ज्यांनी सासूबाईंना पौषात बघितलं आहे त्यांनाच कळेल. वर्षभर पाठ दुखते म्हणणारी बाई मांडावर सगळ्यांच्या आधी वाकून सगळ्यांच्या शेवटी ताठ व्हायची. मी घाबरले. एका बाजूला माझी पद्धत होती, जिच्या हिशेबाने एकट्या पोथीत आढळणारी ओळ संशयाची. दुसऱ्या बाजूला चूल होती.

पण पद्धत म्हणजे काही शाळेचं वेळापत्रक नव्हे, तिला वळवता येतं. दोन दिवस मी डोकं घातलं आणि उजेड पडला. एकट्या पोथीतच कधी कधी जुना पाठ टिकतो! ओळ अवघड आहे: कोण येणार ते सांगतच नाही. नवी असती तर कोणीतरी देवीचं नाव घातलं असतं. शिवाय आधीचं कडवं "येतली" वर संपतं, हेही "येतली" वर संपतं. म्हणजे बाकीच्या वाड्यांनी पहिल्या "येतली"वरून थेट पुढे उडी मारली आणि मधलं कडवं गळलं. आणि आमच्याकडे जागा सोडायची चाल उरली आहे, जिचं कारण कोणाला माहीत नाही. कारण विसरलेली चाल म्हणजे जुन्यात जुनी. सगळे पुरावे एका रांगेत उभे राहिले, आणि मला तर रात्रीचं जेवण गोड लागलं.

फादरांना सांगितलं तेव्हा ते उठून बाल्कांवात येरझाऱ्या घालायला लागले. मी त्यांना ग्रीकसाठीही असं उठलेलं बघितलं नव्हतं. ख्रिस्ताच्याही आधीची देवी असेल, म्हणाले, रानातली, जिच्यासाठी जागा राखायची. आणि एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडात ती अजून जिवंत आहे. आम्ही दोघांनी मिळून त्या कडव्याला वयाची शेकडो वर्षं चढवली. नवरासुद्धा खूश झाला, कारण इतकं जुनं म्हणजे मराठीच असणार. फादर म्हणाले, इतकं जुनं म्हणजे कोंकणी.

आणि मग फादरांनी हट्ट धरला की आपण स्वतः येऊन सासूबाईंच्या तोंडून ऐकणार.

ते एका रविवारी दुपारनंतर आले. झगा इस्त्रीचा, हातात उंडे. सासूबाईंनी त्यांना ओट्यावरच्या बाकावर बसवलं, चहा दिला, आणि उंड्यांकडे जन्मात पहिल्यांदा बघावं तसं बघितलं. गाऊन दाखवायला त्यांनी नकार दिला. मांड सोडून धालो म्हणत नाहीत. मग नुसतंच बोलून दाखवलं. फादरांनी डोळे मिटून ऐकलं. मग त्यांनी फार गोड, फार आदराच्या कोंकणीत त्यांना समजावलं की हे कडवं किती जुनं आहे, कसं बाकीच्यांकडून गळलं, कशी ती देवी. मी मधे मधे माझे नियम घालत होते. सासूबाई तांदूळ निवडत ऐकत होत्या. आम्ही बरंच बोललो. आमचं संपल्यावर त्यांनी सुपातले खडे बाजूला केले आणि म्हणाल्या, "तें हांवें घातलां."

ते मी घातलंय.

मला वाटलं त्यांना प्रश्न कळला नाही. मी पुन्हा समजवायला लागले. त्यांनी हात वर केला. मग एकेक करत, कोणाकडे न बघता, सांगितलं. त्यांची पहिली मुलगी होती, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, नवरा जन्मायच्या आधीची. शहाणी झाल्यावर तिला मांडावर घेतली; आईच्या शेजारी, कमरेत हात घालून ती तो पौष खेळली. पुढच्या पौषाच्या तोंडावर तापाने गेली. मांड चुकवता येत नाही म्हणून सासूबाई सुतक फिटल्यावर गेल्या. रांग लागली तेव्हा शेजारची बाई सरकून मुलीच्या जागेवर आली, कारण रांग अशीच लावतात. सासूबाई म्हणाल्या, तो हात कमरेला लागला आणि माझ्याने सहन होईना. मी त्या बाईला ढकलली. सगळ्या बघायला लागल्या. मग काहीतरी म्हणायला हवं होतं ना? तर ते म्हटलं. बाकीच्यांनी माझ्यामागून म्हटलं, कारण माझ्यामागून म्हणायचीच त्यांना सवय. दुसऱ्या वर्षी पुन्हा म्हटलं. ज्या बायकांना माहीत होतं त्या म्हाताऱ्या होऊन गेल्या.

फादरांचा चहा गार झाला होता. मी विचारलं, आई, मग इतके दिवस सांगितलं का नाही?

"तुमी विचारलें खंय?" त्या म्हणाल्या. "तुमी दोगांय सांगीतच बसल्यात."

रागाने नव्हे. थोडं हसूच होतं. दोन शिकलेली माणसं आपल्या कडव्याबद्दल आपल्यालाच माहिती देतात, याची त्यांना मनापासून गंमत वाटली होती. मला मात्र ओट्यावरून उठून आत जावंसं वाटलं, आणि मी गेलेही, आणि न्हाणीघरात उभी राहून रडले. त्या घरात येऊन मला इतकी वर्षं झाली होती. दर पौषात मी त्या रिकाम्या जागेसाठी सरकून उभी राहत होते. मला माहीत होतं की एक मुलगी झाली होती आणि गेली होती. घरात विषय निघालाच तर 'बाय', म्हणजे मुलगी, एवढंच म्हणत. रात्री नवऱ्याला मी तिचं नाव विचारलं. त्यालाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फादरांकडे गेले तर फोटो बाहेर काढलेच नव्हते. त्यांनी मला त्यांच्या शुभवर्तमानातली एक गोष्ट सांगितली. एका बाईला लोक ओढत आणतात, तिला दगडांनी मारायचं म्हणतात, आणि ख्रिस्त खाली वाकून बोटाने जमिनीवर काहीतरी लिहितो. सगळ्यात जुन्या पोथ्यांत ही गोष्ट नाही. मागाहून कोणीतरी घातली. विद्वानांना हे पक्कं माहीत आहे आणि तरी ती काढून टाकायची कोणाची छाती होत नाही. छापताना कंसात ठेवतात. फादर म्हणाले, मी सेमिनारीत मुलांना सांगायचो की ही मूळची नाही. आणि चर्चमध्ये ती वाचायची पाळी आली की माझा आवाज भरून यायचा. ते कसं, हे मला आता तुमच्या सासूने सांगितलं. तिने काय सांगितलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, पाठ जुना की नवा ते आम्हाला कळतं. तो का आला ते कळत नाही. आम्ही जुना म्हटला की लोक खरा समजतात, आणि आम्हीही समजू देतो.

बैठकीत मी जे होतं ते सांगितलं. कडवं जुनं नाही, माझ्या सासूबाईंनी आपल्या मुलीसाठी घातलं आहे. नियमाप्रमाणे बाहेर.  वयल्या वाड्याची ती उंच बाई खाली बघत होती. सासूबाई स्वतःच म्हणाल्या की पणजीला नको. "पणजेच्या लोकांक माज्या चलयेचें कितें?" पणजीच्या लोकांना माझ्या मुलीचं काय, असं म्हणून त्या पुढे म्हणाल्या, मी मांड सोडणार होते ते तुम्ही तिला गाळत होता म्हणून, आता मी स्वतः ठेवते आहे घरी. आणि त्या पणजीला आल्या, नवं लुगडं नेसून, मोटारीत उलटी करून, आणि दिव्यांच्या उजेडात रांग कुठेही तुटू न देता खेळल्या. मराठीवाले म्हणाले आपली गाणी, कोंकणीवाले म्हणाले आपली. टाळ्या दोघांनीही वाजवल्या.

मग पौष आला. मांड शेणाने सारवून झाला होता आणि दुपारी सासूबाई अंगणात सुपाऱ्या फोडत बसल्या होत्या, तेव्हा वयल्या वाड्याची ती बाई आली. पायरीवरच उभी राहिली, वर ये म्हटलं तरी येईना. मला वाटलं, पुन्हा भांडण. ती म्हणाली, त्याच तापाच्या वर्षी माझी पण गेली होती. तुझ्याएवढं मला सुचलं नाही. यंदा आम्ही आमच्या मांडावर ते कडवं म्हटलं तर चालेल काय?

सासूबाई सुपारी फोडायच्या थांबल्या.  मग म्हणाल्या, "घे. पूण नांव घेवन जागो सोड. नांव घेतलें ना जाल्यार लोक म्हणटात देवीक सोडला." नाव घेतलं नाही, तर लोक म्हणतात जागा देवीसाठी सोडली.

ती बाई गेल्यावर त्या पुन्हा सुपाऱ्या फोडायला लागल्या. थोड्या वेळाने अडकित्ता त्यांच्या हातातून मी घेतला.

त्या दिवशी जेवणं लवकर आटपली. रांगा लागल्या. दोन-तीन धालो झाले आणि सासूबाईंनी ते कडवं उचललं. वाटेर आसा, इथपर्यंत नेहमीसारखं आलं, आणि पुढे 'ती'च्या जागी एक नाव आलं. छोटंसं, जुन्या वळणाचं, आता मुलींना ठेवत नाहीत असं. बायका पहिल्यांदा अडखळल्या. दुसऱ्यांदा सगळ्यांनी म्हटलं. लांब फणसाखाली पुरुष उभे होते, त्यांत माझा नवरा होता. बहिणीचं नाव तो जन्मात पहिल्यांदा ऐकत होता. रांग सरकली, माझ्या आणि सासूबाईंच्या मधे जागा झाली. डावा हात मी शेजारणीच्या कमरेत घातला होता. उजवा त्या जागेकडे धरला आणि गाणं संपेपर्यंत तसाच धरून ठेवला.